रिंगणातला पलंग

कोणाच्या घरात झोप नाही, हे ताहकुम गावात सगळ्यांत आधी मला कळतं. गिरणी माझी आहे. चुन्याच्या पाण्यात उकडलेला मका बादलीत घेऊन बायका उजाडायच्या आत रांगेला लागतात. मी दळून पिठाचा गोळा हातात देईपर्यंत ज्याला जे सांगायचं ते सांगून झालेलं असतं. जी सांगत नाही तिची बादली सांगते. भांडण झालेल्या घरचा मका अर्धाकच्चा असतो, नव्या सुनेचा गाळ झालेला. संत इसिद्रोची जत्रा तोंडावर आली आणि लिब्रादाच्या मक्याला रोज करपल्याचा वास यायला लागला, तेव्हाच मी ओळखलं, बाई चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगते आहे.

"या वयात कोण गं झोपू देत नाही तुला?" मी विचारलं. रांग खिदळली.

"खांदा," लिब्रादा म्हणाली. "निकानोरचा उजवा खांदा. दिवसा नुसता कुरकुरतो, रात्री टांगलेल्या झोळीत अंग टाकलं की बोंबलतो. उजव्या कुशीवर जमत नाही, डाव्या कुशीवर हात पुढे लोंबतो, उताणा झोपला तर झोळी दोन्हीकडून आवळते. मग उठून दारात बसतो. आमच्या दोघांच्या झोळ्या एकाच खुंटीला. तो उठला की मी हलते. तो दारात, मी चुलीशी. असा संसार चाललाय."

"मग खुंटी बदल की!"

"खुंटी वर आहे, तोमासाबाई. त्याचा हात वर जात नाही आणि माझा पोचत नाही."

मी तिचं पीठ आधी दळून दिलं.

निकानोर काउइच हा माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारा माणूस. साठी ओलांडलेला, वेलासारखा पिळदार. जत्रेच्या रिंगणात बांधकामाला खिळा चालत नाही, सगळं घायपाताच्या दोराने आवळायचं. तिथे निकानोरची गाठ म्हणजे गाठ. त्या माणसाची आता ही तऱ्हा झाली होती की टोपी घालायची तर हात डोक्याकडे न नेता डोकंच हाताकडे न्यायचा. सदऱ्यात आधी दुखरा हात घालायचा आणि बटणं बायकोने लावायची. दाढीही तीच करायची, आणि करता करता दोघं पेंगायची, म्हणून गालावर रोज नवा ओरखडा.

दिवसा तो कुठेही झोपायचा. सायकलगाडी चालवता चालवता झोपला आणि शाळेच्या कुंपणात शिरला. संताच्या नवसाला उभा राहिला आणि उभ्या उभ्या घोरला. माझ्या गिरणीत पिठाचा गरम गोळा छातीशी धरून असा निजला, की मागच्या बायका त्याला वळसा घालून पुढे सरकल्या.

लोक हसायचे. हसावं असंच होतं ते. पण मला हसून चालणार नव्हतं, माझी खुर्ची त्याच्याकडे होती.

जत्रेला आमच्या चौकात बैलांचं रिंगण उभं राहतं. त्याच्या भोवती घरागणिक एकेक मचाण. खाली उभं राहायचं, वर बसायचं. जागा बापाकडून मुलाकडे येते. ज्याची जागा त्याच्याच घरच्या माणसांनी मचाण बांधायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि सावरीचं झाड मिरवत रिंगणात आणलं, की तोवर ज्याची जागा रिकामी राहिली ती त्याची गेली. शेजारच्या मचाणवाल्याने पसरायचं, कायमचं. निकानोरची जागा बैल सुटतो त्या दाराच्या बरोबर समोर. माझा नवरा गेल्यापासून दर वर्षी मी तिथे कोपऱ्यात खुर्ची टाकते आणि बदल्यात मक्याचं पीठ केळीच्या पानात उकडून सगळ्यांना पुरतील इतके तामाल करून नेते. सौदा चोख आहे, कोणाचं कोणाला देणं नाही.

आणि शेजारचा मचाणवाला कोण? आनिसेतो उइकाब. लिब्रादाचा सख्खा धाकटा भाऊ. तीन धट्टीकट्टी मुलं, दोन सुना आणि मचाण मात्र एवढंसं.

"दाजी," तो रोज संध्याकाळी येऊन म्हणायचा, "तुमच्या खांद्याची मला फार काळजी वाटते हो."

"रात्री झोप लागते ना तुला?" निकानोर विचारायचा.

"गाढ!"

"मग दिवसाच काळजी कर. रात्रीची आम्ही करतो."

मला रक्तदाबाचा त्रास आहे, म्हणून मी दवाखान्यात जात असते. एकदा निकानोरलाही ओढत नेलं. नर्स यामिली आमच्याच गावची, बोलायला फटकळ, हाताला हलकी. तिने त्याचा हात पुढून उचलला, बाजूने उचलला, तो कुठे कळवळतो ते पाहिलं.

"तुटलंबिटलं काही नाही. आतला पट्टा सुजलाय. काही महिने जातील, घाई करू नका. पण रात्रीचं आधी बघा, झोप नाही तर दुखणं दुप्पट होतं. त्या कुशीवर निजायचं नाही आणि हात लोंबू द्यायचा नाही. हाताखाली उशी घ्या, कोपर छातीच्या उंचीला राहू दे. निजायच्या आधी गरम फडकं ठेवा. वाकून हात सैल सोडा आणि हळूहळू झुलवा, घंटेच्या लोलकासारखा. आणि दिवसाच्या डुलक्या बंद!"

"बाई, झोळीत उशी राहत नाही," निकानोर म्हणाला. "घसरून खाली पडते. मग तिच्यावर कुत्रं झोपतं. सध्या आमच्या घरात सगळ्यांत चांगली झोप कुत्र्याला आहे."

यामिली हसली. "मग पलंगावर झोपून बघा."

पलंग! आमच्या गावात सगळे झोळीतच निजतात. निकानोरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला बैलाच्या पाठीवर झोपायला सांगितलंय.

पण लिब्रादाने ते मनावर घेतलं. त्यांची मुलगी नेइदी समुद्रकाठच्या कानकुन शहरात एका हॉटेलात चादरी धुते. तिथे जुने पलंग टाकून देत होते. तिने एक मागून घेतला आणि जत्रेची बिअर आणणाऱ्या ट्रकवर चढवून पाठवला. काय त्याचा थाट! जाड लाकडाचा, डोक्याशी नक्षी, पायाशी कठडा. ट्रक चौकात थांबला तेव्हा अर्धं गाव जमलं. म्हाताऱ्यांनी गादी दाबून पाहिली, पोरांनी उड्या मारून पाहिलं. आनिसेतोने टोपी काढून पलंगाला नमस्कार केला.

"दाजी, आता पाटी लावा दारावर. परदेशी पाहुण्यांची सोय होईल."

"तू ये आधी. तुला घोडा समजून तबेल्याचा भाव लावतो."

पलंग दारातून जाईना. पाय काढले, आत नेला, पाय लावले. मधल्या खोलीत दुसऱ्या कशालाच जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गिरणीचं दार उघडलं तेव्हा निकानोर आपल्या उंबऱ्यावर बसलेला, आदल्या दिवसापेक्षा डोळे आत गेलेले.

"काय झालं रे?"

"तोमासाबाई, माणसाला वारा खालूनही लागतो. तो पलंग खालून बंद आहे. मे महिन्यात फोमची गादी! भट्टीत घातलेल्या डुकरासारखा शिजलो. आणि वर बघत सरळ पडून राहायचं, हात जागच्या जागी. मला वाटलं, आता मेणबत्त्या लावतील आणि शेजारीपाजारी रडायला येतील."

पुढे त्या पलंगावर कोंबडी अंडी घालू लागली. कोंबडीला तो मानवला.

दिवस जवळ येत गेले. चौकात मेढी उभ्या राहू लागल्या. रानं जाळायचे दिवस, आकाशाला धुराची साय, सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा, आणि उकाडा असा की घाम यायच्या आधी सुकायचा. तरीही चौकात नुसता जल्लोष! कोणी दोर भिजवतंय, कोणी मेढ सोलतंय, बँडवाले चर्चमागे तेच एक गाणं घोटतायत, फटाकेवाला वारा बघायला म्हणून एखादा आधीच उडवतोय. आमच्या चौकात खाली सगळा चुनखडक. मेढींची भोकं आज्या-पणज्यांनी फोडलेली, वर्षभर दगडाने झाकलेली असतात. दगड काढायचा, मेढ रोवायची, आवळायचं.

निकानोर आणि लिब्रादा उजाडायच्या आत कामाला लागत. झोप नाहीच, तर काळोखातलं गार तरी वाया का घालवा, असा हिशोब. तो डाव्या हाताने मेढ रेटायचा, ती पायथा धरायची; दोराचं टोक काठीने वर फेकायचं, दुसऱ्या बाजूने ओढून गाठ मारायची. ऊन चढलं की घरी. सांगाडा उभा राहिल्याचं लिब्रादाने रांगेत सांगितलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी तामालसाठी केळीची पानं सांगून ठेवली.

सावर येण्याच्या आदल्या दिवशी ती दोघं शेवटची गाठ मारत होती आणि फटफटलं. त्याच वेळी आनिसेतो जांभई देत आला. मागे तिन्ही मुलं. सांगाड्याभोवती त्याने एक फेरी मारली, मेढीवर थाप मारली.

"वा! दाजी, तुमचे उपकार कसे फेडू? माझं मचाण बांधलंत!"

निकानोरने वर पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. डावीकडे त्याची स्वतःची भोकं होती, दगडांनी झाकलेली, कोऱ्या चेहऱ्याने बघत असलेली.

अंधारात, झोपेच्या गुंगीत, दोघांनी मिळून आपलं मचाण मेव्हण्याच्या जागेवर चढवलं होतं. एकानेही ओळखलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, इतक्या दिवसांत कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही? आलं होतं. आनिसेतोच्या आलं होतं. म्हणून तर त्याने मुलांना घरी बसवलं. बाकीच्यांना वाटलं, आनिसेतोचं काम या वर्षी वेळेवर चाललंय.

रिंगणाचा कारभार इलारियोबाबाकडे. काठी टेकत तो आला. भोवती गर्दी झाली.

"सोडून घेतो, बाबा," निकानोर म्हणाला. "दोनच पावलं सरकवायचंय."

"रिंगणातली गाठ संताची मूर्ती जत्रेहून परत चर्चमध्ये जाईपर्यंत सुटत नाही," बाबा म्हणाला. "मी केलेला नियम नाही. ज्याची जागा त्याचा सांगाडा. बहिणीने बांधला म्हणजे घरच्याच माणसाने बांधला."

"नियम म्हणजे नियम, दाजी," आनिसेतो म्हणाला. "मला तरी कुठे आवडतंय?"

"अरे निकानोर!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "लग्नाच्या दिवशी तरी बरोबर घरात शिरला होतास का?"

चौक हसला. माझ्या गिरणीच्या पायरीवर बसलेल्या बायकासुद्धा हसल्या. निकानोरने टोपी काढायला म्हणून उजवा हात उचलला, तो छातीशीच थांबला, आणि तसाच थांबलेला हात घेऊन तो उभा राहिला. मग लिब्रादाने त्याची टोपी काढली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "चल म्हाताऱ्या घरी."

मी मागोमाग गेले. सांत्वनाला गेले असं सांगता येईल, पण मला खुर्चीचं विचारायचं होतं.

लिब्रादा झोळ्या विणते. तिच्या मागावर एक तान्ह्या मुलाची झोळी होती, कोणाच्या तरी पहिल्या नातवाची, फक्त कडा राहिलेल्या. तिने ती मागावरून उतरवली. नवऱ्याला मोठ्या झोळीत तिरकं निजवलं, जसं निजायचं असतं तसं. मग स्टुलावर चढून ती छोटी झोळी आढ्याच्या वाशाला आडवी टांगली, अगदी त्याच्या छातीच्या उंचीला. कुत्र्याखालची उशी ओढून, झटकून, त्या छोट्या झोळीत घातली. खांद्यावर गरम फडकं ठेवलं. त्याचा हात दोन्ही हातांनी उचलला, जसं झोपलेलं मूल उचलतात, आणि उशीवर ठेवला.

मोठी झोळी हलली की छोटीही तिच्याबरोबर हलायची. खांद्याला ओढ म्हणून लागत नव्हती.

"हे काय?" निकानोर म्हणाला. "मी काय तान्हं बाळ आहे?"

"तान्ह्या बाळाला झोप येते."

"उद्या दुपारी सावर येणार, मचाण नाही, लाकूड नाही, रान जळून गेलंय, आणि तू मला पाळण्यात घालतेस? लिब्रादा, माणसाने झोपावं कधी आणि..."

वाक्य तिथेच राहिलं. आम्ही दोघी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिलो. पुढचा शब्द आला नाही, घोरणं आलं. असं घोरणं, की कुत्रं उठून बाहेर गेलं!

लिब्रादाने मला दंडाला धरून अंगणात आणलं.

"तोमासाबाई, गिरणी बंद करा."

"वेड लागलंय? जत्रेचा आदला दिवस आहे! अख्ख्या गावाचं पीठ..."

"तुमचं इंजिन सुरू झालं की आमच्या भिंतीवरची भांडी नाचतात. बंद करा."

मी उभ्या उभ्या विचार केला. दळण आज गेलं तर उद्या येईल. ती जागा गेली तर माझी खुर्ची कुठेच नाही. आनिसेतोच्या मचाणात दोन सुनांच्या मध्ये बसण्यापेक्षा मी बैलाबरोबर उभी राहीन. मी जाऊन पट्टा उतरवला आणि रांगेला सांगितलं, पट्टा तुटला.

काय बोंब झाली! "जत्रेच्या आदल्या दिवशी?" "मुद्दाम करता का, बाई?" "माझ्याकडे पाहुणे आलेत!" मी म्हटलं, पाटे काढा, आयांनी तुम्हाला पाट्यावर वाटूनच वाढवलंय. शिव्या देत गेल्या. त्या दुपारी घराघरांतून पाट्यांची घसरघसर ऐकू येत होती. त्या आवाजाने झोप उलट जास्तच लागते.

फटाकेवाल्याचा बंदोबस्त लिब्रादाने स्वतः केला. ती जाऊन त्याच्या पेटीवर बसली आणि सूर्य मावळेपर्यंत उठली नाही. तो बिचारा हातात काडी घेऊन समोर उभा.

मग तिने आपलं स्वयंपाकघर पाडलं.

तुम्हाला खोटं वाटेल. अंगणातला तो मेढींचा कूड, कोपऱ्यांचे चार मजबूत खांब, वरचे वासे. छपराची झावळी तिने हाताने उतरवली. मेढी एकेक करून हलवून हलवून उपटल्या, आपटू न देता जमिनीवर निजवल्या. मला हात लावता येत नव्हता, मी घरची नव्हे. मी नुसती कुंपणापलीकडून म्हणत होते, "हळू! ती पडेल! हां, आता धर!" घामाने तिची पाठ निथळत होती. चूल उघड्यावर आली, भांडी झाडाखाली गेली.

आनिसेतो येऊन डोकावला. झोळीतल्या दाजींकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू द्या बिचाऱ्यांना," तो मला म्हणाला. "चांगलं उद्या संध्याकाळपर्यंत झोपू द्या."

निकानोर उठला तेव्हा कोंबडे आरवत होते. अंगणात येऊन उभा राहिला, आळोखेपिळोखे द्यायला गेला, खांद्याने आठवण दिली, अर्ध्यावर थांबला. पण डोळे! किती दिवसांनी त्या माणसाच्या डोळ्यांत माणूस दिसला.

"लिब्रादा, आपलं स्वयंपाकघर कुठे गेलं?"

"रिंगणात चाललंय. उचल."

मेढी सायकलगाडीवर रचताना तो मोजत, मापत, पुटपुटत होता. झोपलेला माणूस मेढीकडे बघतो तेव्हा त्याला मेढ दिसते. झोप झालेल्याला मचाण दिसतं. तो मध्येच थांबला.

"वरच्या फळीला लाकूड पुरणार नाही. आणि वरच्या गाठी... हात छातीच्या वर जातच नाही माझा."

"मी मारते."

"तुझा पोचत नाही."

"मग?"

निकानोरने घरात पाहिलं. पलंगावर कोंबडी बसली होती.

"हात वर जात नाही ना," तो म्हणाला, "मग मीच वर जातो. काढ त्या कोंबडीला!"

पलंग चौकात आला तेव्हा जो हशा पिकला तसा मी जन्मात ऐकला नाही. बँडवाल्यांनी त्याच्या स्वागताला वाजवलं. निकानोरने इकडेतिकडे न बघता आपल्या, स्वतःच्या भोकांवरचे दगड काढले. दोन दोनदा खात्री केली. चारी कोपऱ्यांचे खांब रोवले. दोर मेव्हण्याच्या तुळईवरून टाकून, त्याचं टोक कमरेला बांधून, तो उलट चालत गेला आणि मेढी आपोआप उभ्या राहिल्या. हाताला काम नाही, सगळं पायांचं. मग गुडघ्याएवढ्या उंचीवर आडव्या मेढी, त्यांच्यावर पलंग, पलंगावर निकानोर. कोपर छातीशी ठेवून त्याने पुढच्या गाठी मारल्या. त्या झाल्या की पलंगाची एक बाजू बायकोने तरफेने उचलायची, त्याने मेढ सरकवायची, मग दुसरी बाजू. मचाण वाढत गेलं तसा पलंग चढत गेला, पलंगाबरोबर निकानोर!

हसणारे पुढे सरकले. मग ओरडू लागले. "डावी बाजू, लिब्रादा! डावी!" "दोर ओला कर!" हात लावायची मनाई होती, तोंड चालवायची नव्हती. मी गिरणी सुरू करायची विसरले. रांगेतल्या बायका बादल्या घेऊन रिंगणातच उभ्या राहिल्या.

ऊन डोक्यावर आलं. गावाच्या टोकाला पहिला फटाका उडाला. सावर निघाली!

बँड धावत तिकडे गेला. ढोल जवळ येऊ लागले, माणसांच्या आरोळ्या, खांद्यांवर डुलणारं ते हिरवं झाड घरांच्या वर दिसायला लागलं. निकानोरचा सदरा अंगाला चिकटला होता, उजवा खांदा थरथरत होता, दाताखाली दोर. पलंग सगळ्यांत वर पोचला होता. वरच्या फळीसाठी लाकूड नव्हतंच. त्याने पलंगाचे चारी पाय चार कोपऱ्यांना आवळले. एक. दुसरा. ढोल चर्चपाशी. तिसरा. झाड वळणावर. चौथ्या गाठीला हात चालेना. बोटं दोरावर होती, पण खांद्याने हात टाकला होता.

लिब्रादा शिडी चढून वर गेली. तिने मागून त्याच्या कोपराखाली आपला तळहात धरला, उशीसारखा. हात तरंगला, बोटं हलली आणि गाठ बसली. सावरीचा शेंडा रिंगणाच्या दारातून आत आला.

"हे चालत नाही!" आनिसेतो ओरडला. "मचाणात पलंग? कोणी ऐकलंय?"

इलारियोबाबाने पलंगाकडे बराच वेळ पाहिलं. "लाकूड असावं आणि दोराने बांधलेलं असावं, एवढं मला माहीत आहे. हे कशाचं आहे?"

"लाकडाचंच, पण..."

"मग 'पण' तुझ्याजवळ ठेव."

बाबाने निकानोरच्या मेढीला काठी लावून जोराने हलवलं. मेढ हलली नाही, बाबाच हलला. मग तो शेजारी गेला, आनिसेतोच्या सांगाड्याला काठी लावली. सांगाडा दारुड्यासारखा डावीकडे गेला, विचार करून उजवीकडे आला.

"हे कोणी बांधलं?"

सगळ्यांनी वर पाहिलं.

"मीच," निकानोर वरून म्हणाला. "झोपेत."

आता जे हसले ते आनिसेतोकडे बघून हसले. "सोडून पुन्हा आवळतो," तो म्हणाला.

"गाठ सुटत नाही," बाबा म्हणाला. "खाली उभे राहा. वर कोणी चढायचं नाही."

तर अशी जत्रा. त्याच संध्याकाळी पहिले बैल सुटले. माझी खुर्ची मात्र चढलीच नाही. पलंग आता संत परत जाईपर्यंत बांधलेला, मग खुर्ची कशाला? मी नक्षीला पाठ टेकून बसले, मांडीवर तामालचं पातेलं. ते अंमळ उशिराच शिजले होते, पण गिरणी कोणामुळे बंद होती ते मी सांगत बसले नाही. पायथ्याशी आनिसेतो आपल्या सुनांसह अंग चोरून बसला होता. लिब्रादानेच हाक मारली होती. तीन तामाल खाल्ले त्याने.

आणि मधोमध निकानोर. तो खाली बसला, पाय लांब केले, आणि लिब्रादाने पिशवीतून ती छोटी झोळी काढून पलंगाच्या वर निघालेल्या दोन खांबांना टांगली. हात त्यात ठेवला. पहिला बैल यायच्या आधीच गडी झोपी गेला.

बँड कानात वाजत होता, फटाके डोक्यावर फुटत होते, खाली हजार माणसं बोंबलत होती. दुसरा बैल काळा, मोठा, वेडा. तो दारातून सुटला तो सरळ आमच्याकडे. आमच्या मेढीवर धाडकन आदळला! अख्खं मचाण थरारलं, माझं पातेलं उडालं, सुना किंचाळल्या, आनिसेतोने पलंगाच्या कठड्याला मिठी मारली. मी गाठींकडे पाहिलं. एकही सरकली नव्हती. छोटी झोळी हलत होती, तिच्यातला हात हलत होता, आणि निकानोर घोरत होता.

"दाजी!" आनिसेतो ओरडला. "दाजी, बैल!"

लिब्रादाने भावाकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय."